वांशिक अन्यायावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून शब्दसंग्रह वाढवणं

वांशिक अन्यायाच्या काळावरची कादंबरी वाचायची आणि त्या वाचनातूनच इंग्रजी शब्द शिकायचे, ही पद्धत अमेरिकेतल्या शाळांमध्ये, विशेषतः सहावी ते नववीच्या आसपासच्या वर्गांत, चांगली रुळलेली आहे. कादंबरी बहुतेक वेळा गुलामगिरीच्या नाहीतर जिम क्रो काळातली असते. जिम क्रो म्हणजे शाळा, बस, हॉटेल, दवाखाना सगळीकडे काळ्या लोकांना गोऱ्यांपासून वेगळं ठेवणारे दक्षिणेकडच्या राज्यांचे कायदे, जे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून थेट १९६० च्या दशकापर्यंत चालले आणि ज्यांना १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन निकालाने कोर्टाचा शिक्काही मिळाला होता.

या पद्धतीत नेहमी वापरलं जाणारं पुस्तक म्हणजे मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’. १९७६ ला आली, १९७७ चं न्यूबेरी मेडल मिळालं. काळ १९३३ चा, मंदीचा, जागा मिसिसिपी, आणि गोष्ट सांगते नऊ वर्षांची कॅसी लोगन. सुरुवातीलाच शाळेतला एक प्रसंग आहे, तो शब्दांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कॅसीचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ पहिल्यांदाच शाळेत आलाय, नवीन पुस्तक मिळणार म्हणून खूश आहे, आणि हातात येतं ते फाटकं मळकं पुस्तक ज्याच्या आतल्या पानावर एक तक्ता छापलाय: कितव्यांदा दिलं, केव्हा दिलं, पुस्तकाची कंडिशन काय, विद्यार्थ्याचा वंश कोणता. अकरा वेळा ते गोऱ्या मुलांकडे गेलेलं असतं आणि बाराव्या वेळी, कंडिशन ‘व्हेरी पूअर’ झाल्यावर, काळ्या मुलांच्या शाळेत येतं, आणि वंशाच्या रकान्यात काळ्या लोकांसाठीचा एक हलका शब्द लिहिलेला असतो. पोराला वाचता येतं. तो पुस्तक जमिनीवर फेकून देतो. ‘कंडिशन’, ‘इश्यू’, ‘रेस’ हे शब्द तसे ऑफिसातल्या फॉर्मवरचे, कोरडे, पण हे पान वाचलेल्या मुलाला ते पुन्हा समजावून सांगावे लागत नाहीत.

असे शब्द एकमेकांना धरून येतात हेही महत्त्वाचं. शेअरक्रॉपिंग म्हणजे काय तर जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पिकाचा मोठा वाटा मालकाला, आणि बी-बियाण्यापासून किराण्यापर्यंत सगळं मालक सांगेल त्या दुकानातून उधारीवर, त्यावर व्याज, म्हणजे हंगाम संपला तरी देणं काही फिटत नाही. आता या कादंबरीत लोगन कुटुंबाची स्वतःची ४०० एकर जमीन आहे पण त्यातल्या अर्ध्या जमिनीवर मॉर्गेज आहे, म्हणजे ती बँकेकडे गहाण आहे, ते शेजारपाजारच्या कुळांना सांगतात की गोऱ्या वॉलेसच्या दुकानातून काही घेऊ नका, म्हणजे बॉयकॉट, पण कुळांकडे रोकड नाही म्हणून क्रेडिटसाठी हमीदार लागतो, मग बँक मॉर्गेजचे सगळे पैसे एकदम मागते. शेअरक्रॉपर, क्रेडिट, बॉयकॉट, मॉर्गेज हे चारही शब्द एकाच भांडणातले आहेत आणि एक कळला की दुसरा आपोआप ओढला जातो. यादी करून पाठ केले तर हा धागाच तुटतो.

अवघड शब्दांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण माझ्या मते या कादंबऱ्यांची खरी शिकवण सोप्या शब्दांत असते. त्या काळात दक्षिणेत साठीच्या काळ्या माणसाला गोरा पोरगासुद्धा ‘बॉय’ म्हणायचा, नाहीतर ‘अंकल’, पण ‘मिस्टर’ कधीच नाही, आणि काळ्या माणसाने मात्र गोऱ्या मुलीलाही ‘मिस’ लावूनच बोलायचं. कॅसीला गावात भर रस्त्यात एका जवळपास तिच्याच पिढीतल्या गोऱ्या मुलीची माफी अशीच मागायला लावतात. अहो-जाहो आणि अरे-तुरे कोणाला कोण करतं यावरून गावात कोणाची काय जागा आहे हे ओळखणाऱ्या मराठी वाचकाला हे चटकन भिडतं. ‘बॉय’ शब्द पहिलीतल्या मुलालाही येतो, पण तो शिवीसारखा कसा वापरला जायचा हे डिक्शनरीच्या पहिल्या अर्थात सापडत नाही.

संदर्भातून शब्द उलगडण्याचं या इतिहासातलं एक अस्सल उदाहरण फ्रेडरिक डग्लस यांचं आहे. गुलाम म्हणून जन्मलेले डग्लस बाल्टिमोरमध्ये लहान असताना मालकिणीने त्यांना अक्षरं शिकवायला घेतली आणि मालकाने ते बंद पाडलं, मग ते रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन वाचायला शिकले. ‘अबॉलिशन’ हा शब्द मोठ्यांच्या बोलण्यात सारखा कानावर यायचा, डिक्शनरीत बघितला तर ‘अबॉलिश करण्याची क्रिया’ एवढंच, म्हणजे काय अबॉलिश करायचं ते काही कळेना, आणि कोणाला विचारायची भीती. शेवटी एका वर्तमानपत्रात गुलामगिरी बंद करण्यासाठी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, आलेल्या अर्जांची बातमी वाचली आणि अर्थ उलगडला. हे त्यांनी १८४५ च्या आत्मकथनात लिहून ठेवलंय.

अर्थात नुसतं वाचून शब्द येतात असं समजू नये. विल्यम नॅगी, पॅट्रिशिया हर्मन आणि रिचर्ड अँडरसन यांच्या १९८५ च्या अभ्यासापासून हे पुन्हा पुन्हा दिसलंय की अनोळखी शब्द वाचनात एकदा आला तर तो शिकला जाण्याची शक्यता शंभरात पंधराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. शब्द परत परत भेटावा लागतो. पॉल नेशन यांच्या संशोधनानुसार गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला शंभरातले साधारण ९८ शब्द आधीच यायला हवेत, त्यामुळे इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या मुलाला अशी कादंबरी एकट्याने वाचायला देणं अन्यायाचंच आहे, वर्गात मोठ्याने वाचन हवं. शिकवायला कोणते शब्द निवडायचे यासाठी इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले तीन थर शिक्षक बरेच वापरतात: रोजचे सोपे शब्द, अनेक विषयांत येणारे प्रौढ भाषेतले शब्द, आणि एकाच विषयापुरते शब्द. भर मधल्या थरावर द्यायचा असं सांगितलं जातं, पण या कादंबऱ्यांत तिसऱ्या थरातले ‘सेग्रिगेशन’ (वंशानुसार वेगळं ठेवणं), ‘लिंचिंग’ (जमावाने खटल्याशिवाय ठार मारणं) सोडून चालतच नाही, तेव्हा हा नियम इथे वाकवावा लागतो.

दोन अडचणी. एक म्हणजे पात्रांची बोली: दक्षिणेकडचं बोलणं जसंच्या तसं लिहिलेलं असतं, तेव्हा ते चुकीचं इंग्रजी नाही, ती एक बोली आहे, हे आधी सांगायला हवं. दुसरी मोठी, शिव्या आणि जुने शब्द. ‘नीग्रो’, ‘कलर्ड’ हे त्या काळी सभ्य समजले जायचे (१९०९ ला स्थापन झालेल्या एनएएसीपी या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या नावात ‘कलर्ड’ अजून आहे), आज कोणाला असं म्हणणं अपमान आहे. आणि सगळ्यात घाणेरडी शिवी वर्गात मोठ्याने वाचायची का यावर वाद चालूच असतात. २०१७ मध्ये मिसिसिपीतल्याच बिलॉक्सी गावी हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आठवीच्या अभ्यासातून काढली गेली ती याच भाषेवरच्या तक्रारींमुळे. मला वाटतं पुस्तक काढू नये, शिवी उच्चारू नये, पण ती कोणी कोणाला का दिली यावर मोकळेपणी बोलावं, कारण काळ्या विद्यार्थ्याला ती वर्गात ऐकणं म्हणजे नुसता शब्दसंग्रह नसतो.

मराठीशी या विषयाचं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, आणि १९७२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. त्यामुळे मराठी वाचकाकडे बटई, सावकारी, गहाणखत, वेठबिगार असे शब्द अनुभवासकट तयार आहेत. सांभाळायचं ते ‘बॉयकॉट’ला, कारण आपला ‘बहिष्कार’ दोन्ही बाजूंनी चालतो: दुकानावर गिऱ्हाइकांनी टाकलेला तो बहिष्कार, आणि गावाने एखाद्या घराला वाळीत टाकलं तर तोही बहिष्कार, ज्याच्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला. लोगनांचा बॉयकॉट पहिल्या प्रकारातला, कमजोर बाजूने पुकारलेला, आणि त्यात भाग घेतला तर जमिनीवरून हाकलून देऊ अशी धमकी मालक कुळांना देतो तेव्हा बरीच घरं पुन्हा त्याच दुकानात जायला लागतात.