मत्स्यसमुदाय, उष्णकटिबंधीय नद्यांतील

नदीच्या एखाद्या टप्प्यात एकत्र नांदणाऱ्या मत्स्यजातींचा समूह. त्यात कोणत्या जाती टिकतात हे मुख्यतः पाण्याची चढउतार, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन व तळाचे स्वरूप यांवर ठरते. येथील उदाहरणे नागपूरभोवतीच्या पेंच, कन्हान व नाग या नद्यांची आहेत; त्यांचे पाणी वैनगंगेतून पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते.

पूर व आटणे : उगमापासून मुखापर्यंत समुदाय क्रमाक्रमाने बदलतो, असे नदीसातत्य संकल्पना (१९८०) मानते. युंक, बेली व स्पार्क्स यांची पूरस्पंद संकल्पना (१९८९) काठच्या पूरमैदानाला महत्त्व देते आणि उष्णकटिबंधास ती अधिक लागू पडते. मात्र ती ॲमेझॉनसारख्या, महिनोन्‌महिने पसरून राहणाऱ्या पुरांवर बेतलेली आहे. कन्हानचा पूर काही दिवसांत ओसरतो. रोहू, कटला व मृगळ पुराच्या उथळ पाण्यात साधारण २४ ते ३१ अंश से. तापमानाला अंडी घालतात व ती १४ ते १८ तासांत फुटतात. त्याआधीच पाणी उतरले, तर अंडी काठावर सुकतात.

उन्हाळ्यात धार तुटली की मासे डोहांत कोंडतात. पुढच्या पावसाळ्यातले मासे बव्हंशी या डोहांतूनच पसरतात, म्हणून या नद्यांबाबत पुराइतकाच, किंबहुना अधिक, आटण्याचा अभ्यास व्हायला हवा. डोह आकसत जातो तसतसे शिवडा व मरळ हे शिकारी लहान मासे संपवत जातात.

ऑक्सिजन : हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. माशाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरते, त्यामुळे नीचांक सूर्योदयाच्या थोडे आधी येतो. मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडमीट करताना दिसतात ते याच वेळी. दुपारी घेतलेला नमुना म्हणून फसवा ठरतो. पाण्याच्या भारतीय प्रतवारीत मत्स्यसंवर्धनासाठी लिटरमागे किमान ४ मिग्रॅ. अपेक्षित आहेत.

ऑक्सिजनच्या मापनासाठी ३०० मिलि.ची बाटली पाण्याखालीच भरून, बुडबुडा न ठेवता बूच लावतात. बादलीतून ओतलेल्या पाण्यात हवा मिसळते व आकडा वाढतो. मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड घातल्यावर तपकिरी साका (तळाशी बसणारा अविद्राव्य गाळ) आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळजवळ नाही. साका आम्लात विरघळवून २०० मिलि. नमुन्याचे ०·०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन (द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजणी) केल्यास लागलेला प्रत्येक मिलि. म्हणजे लिटरमागे १ मिग्रॅ.

मरळ, मांगूर व शिंगी हवेतूनही श्वास घेतात : मरळाच्या कल्ल्यांवर पोकळी, मांगुराला झुडपासारखे इंद्रिय, शिंगीला पाठीकडे लांब हवापिशव्या. सांडपाण्याने भरलेल्या नाग नदीसारख्या प्रवाहात तग धरण्याची क्षमता मुख्यतः अशाच जातींत असते. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात तळाचा साचलेला गाळ ढवळून खाली कन्हानकडे जातो व कुजताना ऑक्सिजन खातो, म्हणून जूनमधील मासेमरतूक पाणी वाढत असतानाही होऊ शकते. सांडपाण्यातील अमोनियाचे विष सामूवर (पीएच, पाण्याची आम्ल-अल्कता) अवलंबून असते : ३० अंशांना सामू ७ असता एक टक्क्याहून कमी अमोनिया मुक्त, विषारी स्वरूपात असतो, ८ असता सात-आठ टक्के.

माशांच्या उगमाचा वाद : खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणाऱ्या काही माशांचे आप्त एकीकडे पूर्व हिमालय व मलायात, तर दुसरीकडे सह्याद्रीत आढळतात. हे मासे सातपुड्याच्या रांगेतून पश्चिमेकडे आले, असे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात मांडले (सातपुडा गृहीतक). पेंचचे खोरे या मार्गावरच येते. सायलस यांनी १९५२ मध्ये त्यास पुढे आधार दिला. आक्षेप असा की, सातपुड्याची उंची व हवामान बारमाही खळाळांना तेव्हा पुरेसे होते याचा भूवैज्ञानिक पुरावा तोकडा आहे. एकाच स्थलांतराऐवजी वेगवेगळ्या काळांतील अनेक स्थलांतरे मानणे आज अधिक सयुक्तिक वाटते. रोहू व मृगळ गोदावरी खोऱ्यात बहुधा सोडलेल्या मत्स्यबीजातून (पिलांतून) आले. कटल्याबाबत मतभेद आहेत.

तळ : वाळू उपसल्यावर तीत दडणाऱ्या लहान जाती आधी जातात. पागजाळ्यात (फेकून टाकायच्या गोल जाळ्यात) त्या क्वचितच येतात, वाम हा सापासारखा लांबट मासाही दगडांखालून निसटतो; त्यामुळे केवळ पागाच्या पकडीवरून केलेली जातींची यादी अपुरी राहते. बारीक आसाचे जाळे, सापळे व रात्रीचा गळ यांची जोड लागते.