बिनमार्क्याची लिंक पाठवू नका
(आम्ही ज्यांना वेबसाइट करून देतो, त्या आंबा बागायतदार, कोकम-काजू उत्पादक आणि होमस्टे चालवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मे संपत आला, शेवटच्या पेट्या रवाना झाल्या की आमचा फोन वाजायला लागतो. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "वेबसाइटवरून यंदा गिऱ्हाईक किती आलं? जाहिरातीला घातलेले पैसे वसूल झाले का?" प्रश्न रास्त आहे. पैसे तुमचे आहेत, उत्तर मिळायलाच हवं. तरीही पुष्कळदा आम्हाला ते देता येत नाही. वेबसाइटवर मोजणी चालू असते, आकडेही असतात, पण कोणता माणूस कुठून आला ही नोंदच झालेली नसते. ती नोंद जूनमध्ये बसून मागाहून करता येत नाही. म्हणून हे पत्रक हंगाम सुरू व्हायच्या आधीच तुमच्या हातात देत आहोत.

वाशीला पेटी पाठवताना तुम्ही तिच्यावर मार्का मारता. एकेका गाळ्यावर कितीतरी बागांचा माल उतरतो, तरी विक्रीच्या हिशेबाची पट्टी बरोबर तुमच्या नावाने येते, ती त्या मार्क्यामुळे. मार्का नसलेली पेटीही विकली जाते, पण ती कोणाची होती आणि काय भावाने गेली हे नंतर कोणाला सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेली वेबसाइटची साधी लिंक ही तशीच बिनमार्क्याची पेटी आहे.

'डायरेक्ट' म्हणजे थेट आलेलं गिऱ्हाईक नव्हे

वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजणी ठेवणारं गूगल ॲनालिटिक्स उघडलं की 'डायरेक्ट' नावाची एक जाडजूड ओळ दिसते. ती पाहून अनेक जण खूश होतात. "बघा, लोकांना आपलं नाव पाठ आहे, थेट पत्ता टाकून येतात!" काही जण तसे येतही असतील. पण 'डायरेक्ट'चा खरा अर्थ एवढाच की हा माणूस कुठून आला ते कळलं नाही. व्हॉट्सॲप ॲपमधून कोणी लिंक दाबली, तर ती कुठून दाबली हे ॲप वेबसाइटला सांगत नाही. पीडीएफ दरपत्रकातली लिंक, एसएमएसमधली लिंक आणि पेटीवरचा क्यूआर कोड यांचंही तेच. हे सगळे लोक एकाच ढिगात पडतात.

आपल्या धंद्यात बहुतेक बोलणं व्हॉट्सॲपवर चालतं. म्हणजे ज्या वाटेने सगळ्यात जास्त गिऱ्हाईक येण्याची शक्यता, नेमकी तीच वाट आकड्यांत दिसत नाही. मग इन्स्टाग्रामचा आकडा मोठा वाटतो, जाहिरात तिकडे वाढवली जाते, आणि पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्यामुळे आलेल्या ऑर्डरींचं श्रेय कोणालाच मिळत नाही. पुढच्या वर्षी त्या दोन ओळी टाकायच्या राहून जातात. नुकसान होतं ते इथे.

मार्का मारायचा कसा

लिंकच्या शेवटी तीन छोटे शब्द जोडायचे असतात. यांना यूटीएम म्हणतात. गूगलने 2005 साली अर्चिन नावाची कंपनी घेतली आणि तिच्याच कामातून ॲनालिटिक्स उभं राहिलं; यूटीएममधला 'यू' हा त्या अर्चिनचा. पहिला शब्द सोर्स, म्हणजे माणूस कुठून आला: व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, की पेटीवरचा कोड. दुसरा मीडियम, म्हणजे कोणत्या प्रकारे: सोशल, ईमेल, की पैसे देऊन केलेली जाहिरात. तिसरा कँपेन, म्हणजे कशासाठी: पाडव्याची आगाऊ नोंदणी, अक्षय्य तृतीया, किंवा दिवाळीत मालवणला येणाऱ्यांसाठी खोल्या. गिऱ्हाइकाला यात काही वेगळं करावं लागत नाही, पान नेहमीसारखंच उघडतं.

हे शब्द इंग्रजीत आणि सगळे स्मॉल लेटरमध्येच लिहायचे. एका ठिकाणी पहिलं अक्षर कॅपिटल आणि दुसरीकडे स्मॉल लिहिलं, तर ॲनालिटिक्स त्या दोन वेगळ्या जागा धरतं आणि एकाच ग्रुपचा हिशेब दोन ओळींत फुटतो. मीडियम मनाने लिहू नका. ठरलेल्या शब्दांपैकी नसेल तर ती भेट बहुधा 'अनअसाइन्ड' (कुठेच न बसलेल्या) नावाच्या खणात जाते, आणि मग तिचा उपयोग 'डायरेक्ट'इतकाच.

गूगलवरच्या जाहिरातींचं खातं ॲनालिटिक्सला जोडलेलं असेल तर त्यांना वेगळा मार्का लागत नाही, त्या आपोआप ओळखल्या जातात. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींना मात्र तो हाताने लावावा लागतो. नाही लावला तर पैसे देऊन आलेला माणूस आणि तुमची फुकटची पोस्ट पाहून आलेला माणूस एकत्र मोजले जातात, आणि "जाहिरात परवडली का" या प्रश्नाचं उत्तर तिथेच बुडतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

आम्ही मार्क्याच्या लिंका करून देतो, प्रत्येक ग्रुपची आणि प्रत्येक जागेची वेगळी, आणि त्यांची यादी तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. मग हंगाम जोरात येतो. आंबा उतरवणं, आढी लावणं, पेट्या भरणं, गाडी गाठणं यांत ती यादी मागे पडते, हे आम्हाला समजतं. अशा वेळी कोणीतरी लिंक मागतो. तुम्ही स्वतःच्या इन्स्टाग्रामवरून वेबसाइट उघडता, वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करता आणि ग्रुपवर टाकता. त्या पत्त्यात इन्स्टाग्रामचा मार्का जसाच्या तसा असतो. आता त्या ग्रुपवरून येणारा प्रत्येक माणूस इन्स्टाग्रामच्या खात्यावर मांडला जातो.

बिनमार्क्याच्या पेटीपेक्षा हे वाईट, कारण ही दुसऱ्याच्या मार्क्याची पेटी आहे. 'डायरेक्ट' निदान कबूल तरी करतं की माहीत नाही. इथे आकडा ठामपणे चुकीचं सांगतो. गेल्या काही हंगामांत आमचे सर्वांत जास्त तास असे गुंते सोडवण्यात गेले, आणि पुष्कळसे सुटलेच नाहीत.

उपाय सोपा आहे. आमची यादी असलेला मेसेज व्हॉट्सॲपवर पिन करून ठेवा आणि लिंक तिथूनच उचला. घरातल्या ज्या माणसाच्या हातात फोन असतो, त्याच्याकडेही ती यादी असू द्या. ऑर्डरी बऱ्याचदा मुलगा किंवा सूनबाई घेतात, आणि पत्रक मात्र तुमच्याकडे असतं.

पेट्यांवर किंवा स्टिकरवर क्यूआर कोड छापायचा असेल तर छपाईला देण्याआधी आम्हाला एक फोन करा. एकदा छापलं की मार्का बदलता येत नाही, आणि पेटीवरचा कोड ही तर सोन्यासारखी जागा आहे. तो स्कॅन करणाऱ्याने तुमचा आंबा चाखलेला असतो.

भेटी मोजू नका, विचारणा मोजा

महिन्याला किती लोक आले हा आकडा आम्ही अहवालात सगळ्यात खाली ठेवतो. काही ग्राहकांना ते खटकतं, कारण तोच आकडा मोठा असतो. पण आपल्याकडे ऑर्डर पक्की होते ती फोनवर नाहीतर व्हॉट्सॲपवर. वेबसाइटचं काम माणसाला त्या बटणापर्यंत आणण्याचं. म्हणून आम्ही बटणं दाबली जाणं मोजतो. दुसऱ्या वेबसाइटकडे नेणारी लिंक दाबलेली ॲनालिटिक्स आपोआप टिपतं, त्यामुळे व्हॉट्सॲपचं बटण त्यात सापडतं, पण ते इतर लिंकांत मिसळलेलं असतं. फोनच्या बटणाची नोंद आपोआप होतच नाही. दोन्ही वेगळी काढून त्यांवर 'की इव्हेंट' (महत्त्वाची घटना) अशी खूण करावी लागते. ही खूणही मागच्या तारखेपासून लागू होत नाही. "आता करा की, काय होतंय!" असं मे महिन्यात म्हणून उपयोग होत नाही तो यामुळे.

यापुढचं काम तुमच्या वहीचं. ऑर्डर लिहिताना एक रकाना वाढवा: 'कुठे पाहिलंत?' फोनवर हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. बटण दाबलं एवढंच ॲनालिटिक्सला कळतं, पेट्या किती गेल्या ते कळत नाही. वही आणि आकडे शेजारी ठेवले की चित्र पुरं होतं.

एप्रिलची तुलना एप्रिलशी करू नका

हा आमचा आग्रह आहे आणि तो आम्ही सोडणार नाही. अक्षय्य तृतीया 2024 साली 10 मे रोजी होती, 2025 साली 30 एप्रिलला आणि 2026 साली 19 एप्रिलला. मागणी सणाभोवती चढते, इंग्रजी महिन्याभोवती नाही. एप्रिल 2024 आणि एप्रिल 2025 शेजारी ठेवले तर दुसरा महिना भरभराटीचा दिसेल, त्यात वेबसाइटचा वाटा काहीही नसला तरी. एखाद्याने आमचं कौतुकही केलं असतं. म्हणून आम्ही अक्षय्य तृतीयेआधीचे 21 दिवस मागच्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेआधीच्या 21 दिवसांशी ताडून पाहतो. होमस्टेवाल्यांसाठी हेच दिवाळीच्या सुट्टीबाबत करतो.

यासाठी मागचा हंगाम हाताशी असावा लागतो. ॲनालिटिक्समध्ये खोलात जाऊन पाहायची माहिती साठवण्याची मुदत मुळात 2 महिने लावलेली असते. ती 14 महिन्यांपर्यंत वाढवता येते. आमच्या सगळ्या ग्राहकांची आम्ही वाढवलेली आहे. शिवाय दर जूनमध्ये हंगामाचे आकडे एका शीटमध्ये उतरवून तुम्हाला देतो. हा खटाटोप कशाला, असं काहींनी विचारलं होतं. ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती, युनिव्हर्सल ॲनालिटिक्स, 1 जुलै 2023 पासून नवीन नोंदी घेईनाशी झाली, आणि पुढच्या वर्षी त्यातला जुना डेटाही गेला. ज्यांनी तो उतरवून ठेवला नव्हता, त्यांचे आधीचे हंगाम पुसले गेले.

आणखी एक बारीकशी गोष्ट. खात्याची वेळ भारतीय आहे ना, हे पाहून घ्या. दुसऱ्याकडून खातं आमच्याकडे आलं की कधीकधी ते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या वेळेवर राहिलेलं सापडतं. आपल्या हंगामात तिथला दिवस आपल्या दुपारी साडेबाराला सुरू होतो. म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळची सगळी गर्दी आदल्या दिवसावर मांडली जाते.

मग निर्णय कसा घ्यायचा

समजा, मार्क्यांवरून असं दिसलं की इन्स्टाग्रामवरून पुष्कळ लोक येतात पण बटण दाबत नाहीत, आणि सोसायटीच्या ग्रुपवरून थोडे येतात पण त्यांतले बरेच जण विचारणा करतात. लगेच इन्स्टाग्राम बंद करू नका. आधी पाहा की ते लोक कोणत्या पानावरून परत जातात. आमच्या अनुभवात ते बहुधा दराच्या पानावरून जातात, आणि तिथे 'दरासाठी संपर्क करा' एवढंच लिहिलेलं असतं. अनोळखी माणूस दर विचारायला फोन करत नाही. ग्रुपमधला करतो, कारण त्याला कोणीतरी तुमचं नाव सांगितलेलं असतं. दर रोज बदलतो हे खरं. मग 'आजचा दर, तारीख अमुक' असं लिहा. तो रोज सकाळी स्वतः फोनवरून बदलता येईल अशी सोय आम्ही करून देतो.

घरपोच कुठे मिळेल याचं पान लोक वारंवार उघडत असतील तर ती माहिती पहिल्याच पानावर वर आणा. आकडे लहान असतील तर मात्र थांबा. एका वाटेने सात विचारणा आणि दुसरीने चार, एवढ्यावरून पैसे इकडचे तिकडे करू नयेत. पुढच्या आठवड्यात ते उलटंही होऊ शकतं. दर आठवड्याला अहवाल का देत नाही, याचं आमचं उत्तर हेच. हंगामात आम्ही दोनदाच बसतो, एकदा पाडव्यानंतर आणि एकदा अक्षय्य तृतीयेनंतर, कारण त्याआधी सांगण्यासारखं काही जमा झालेलं नसतं. शहरांच्या यादीवरही फार विसंबू नका. मोबाइल इंटरनेटवर माणूस एका गावात असतो आणि नोंद दुसऱ्याच शहराची होते. पिनकोड तुमच्या वहीतच खरा.

खातं कोणाचं

ॲनालिटिक्सचं खातं आम्ही नेहमी तुमच्याच जीमेलवर उघडतो आणि आमच्यासाठी फक्त प्रवेश घेतो. आमच्याकडे येणाऱ्या काही जणांची खाती आधीच्या वेबसाइटवाल्याच्या नावावर असतात, आणि काम बदललं की सगळे हंगाम त्याच्याकडेच राहतात. उद्या तुम्ही आमच्याकडून काम काढून घेतलंत, तरी तुमचे आकडे तुमच्याकडेच राहतील. तुमचं खातं कोणाच्या नावावर आहे हे माहीत नसेल तर विचारा, आम्ही पाहून सांगतो. त्याचे पैसे घेत नाही.

मार्क्याच्या लिंका, दोन्ही बटणांची नोंद आणि जूनची शीट हे सगळं वार्षिक देखभालीत धरलेलं आहे. ज्यांनी आमच्याकडून फक्त वेबसाइट करून घेतली आहे, त्यांना हे वेगळंही करून मिळेल.

जानेवारी संपायच्या आत एका कागदावर लिहून पाठवा: तुमची लिंक कुठे कुठे जाते, कोणकोणते ग्रुप, इन्स्टाग्रामवर कुठे, गूगल मॅपवर दुकानाची नोंद असल्यास ती, पेट्यांवर काय छापणार, आणि फोन कोणाच्या हातात असतो. अक्षर कसंही असू द्या, कागदाचा फोटो काढून पाठवलात तरी चालेल. नंबर पावतीवर आहे.