बघितल्याने डोळे येत नाहीत

पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली की लातूर-नांदेडकडे एक सल्ला हमखास मिळतो: ‘त्याच्या डोळ्यांत बघू नको, तुझेही येतील.’ मग डोळे आलेला माणूस काळा चष्मा लावतो, चष्म्याखाली डोळे चोळतो आणि त्याच हाताने एसटीतली दांडी धरतो.

नजरेतून विषाणू जात नाही. साथीत डोळे बहुतेकदा अ‍ॅडिनोव्हायरसमुळे येतात. तो डोळ्यांतल्या पाण्यातून, चिपडातून हाताला लागतो आणि तिथून टॉवेल, उशी, मोबाइल, दाराची कडी गाठतो. कोरड्या जागेवरही तो कित्येक दिवस टिकतो. सॅनिटायझरला सहज दाद देत नाही, साबण-पाणीच लागतं. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात हे सांगणं सोपं नाही, मान्य. पण निदान सगळ्यांनी एकाच बादलीत हात बुडवू नयेत, तांब्याने वरून पाणी घ्यावं. चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, एवढंच.

आजार बहुधा 1 ते 3 आठवड्यांत आपोआप ओसरतो. अँटिबायोटिक थेंब विषाणूवर चालत नाहीत. थंड पाण्याच्या पट्टीने बरं वाटतं. शेळीचं दूध, मध, एरंडेल डोळ्यांत घालू नये.

खरी भीती आहे ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची. लाली झटकन उतरते, पण मूळ कारण हर्पीसचा विषाणू असेल तर बुबुळावरचा व्रण चिघळून नजर जाऊ शकते. ठणका लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं.