सभागृहाने हाकललं म्हणजे निवडणूक कायमची बंद? नाही!

‘सभागृहाने एखाद्या खासदार-आमदाराला एकदा बडतर्फ केलं की त्याला पुन्हा निवडणूक लढवता येत नाही,’ असं वर्षानुवर्षं सर्रास सांगितलं जातं. हे चूक आहे. बडतर्फीने जागा रिकामी होते, उमेदवारीचा हक्क जात नाही. कायद्याने येणारी अपात्रता, म्हणजे उदाहरणार्थ गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्यामुळे ठरावीक काळ लागणारी बंदी, ही वेगळीच गोष्ट. लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

इंदिरा गांधींना डिसेंबर 1978 मध्ये लोकसभेने हक्कभंगावरून बडतर्फ केलं. तुरुंगातही धाडलं. जानेवारी 1980 च्या निवडणुकीत त्या पुन्हा निवडून आल्या आणि थेट पंतप्रधान झाल्या. पुढे 1981 मध्ये लोकसभेने तो जुना ठरावच रद्द केला.

ब्रिटनमधल्या जॉन विल्क्स या खासदाराचा किस्सा मला याहून बोलका वाटतो. 1769 मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, त्याला काढलं, त्याच्या मिडलसेक्स मतदारसंघातल्या मतदारांनी पुन्हा निवडून दिलं. असं वारंवार झालं. एप्रिलमध्ये त्याला 1,143 मतं पडली, प्रतिस्पर्धी लट्रेलला 296. तरी सभागृहाने लट्रेललाच विजयी ठरवलं! हा मतदारांवरचा सरळ अन्याय होता. 1782 मध्ये सभागृहाने त्या निवडणुकीबाबतचा ठराव स्वतःच्या दप्तरातून खोडून टाकला.

आणि निलंबन? त्यात तर जागाही जात नाही. सदस्य तात्पुरता बाहेर बसतो, इतकंच.