रेन चेक आणि रेनी डे: पाऊस एकच, हिशेब दोन

परवा ऑफिसात एकजण म्हणाला, "थांबा, आकड्यांचा एकदा रेन चेक करून सांगतो." समोरच्यांनी माना डोलावल्या. त्याला म्हणायचं होतं, तपासून सांगतो. पण रेन चेकमध्ये तपासण्यासारखं काही नसतंच. तिथला 'चेक' म्हणजे चिठ्ठी. देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला देतात ना, त्याच जातीची.

ही चिठ्ठी अमेरिकेतल्या बेसबॉलची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. सामना पावसाने धुऊन नेला की तिकिटाचा हातात उरलेला तुकडा दाखवायचा आणि पुढचा सामना फुकट बघायचा. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा. साधारण पाच झाल्या की तो अधिकृत धरला जातो, मग तुकड्याला किंमत नाही. म्हणजे पावसाने वेळेवर यायला हवं!

पुढे हीच चिठ्ठी दुकानांत शिरली. न्यू जर्सीत मावसबहिणीकडे गेलो होतो, तेव्हा सेलमधली इस्त्री घ्यायला आम्ही पोचेपर्यंत माल संपला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "रेन चेक देऊ का?" मी काचेबाहेर पाहिलं, तर लख्ख ऊन. त्यांनी एक कागद भरून दिला: इस्त्रीचं नाव, सेलचा भाव, तारीख, मुदत तीस दिवस. माल आला की याच भावात न्या.

बोलण्यातला रेन चेक याचाच धाकटा भाऊ. कुणी जेवायला बोलावलं आणि "आय विल टेक अ रेन चेक" म्हटलं, तर अर्थ असा की आज जमणार नाही, पण आमंत्रण तसंच राहू द्या. पुष्कळदा ते आपल्या "येऊ हो कधीतरी"इतकंच पोकळ असतं. त्यामुळे लगेच डायरी काढून "मग शनिवारी?" विचारू नये. मी विचारलं आहे.

आता रेनी डे. इथे बेत पुढे ढकलायचा नसतो, पैसा मागे टाकायचा असतो. 'सेव्ह फॉर अ रेनी डे' हे सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे, आणि त्यातला पाऊस म्हणजे वाईट दिवस. आपल्याकडे पावसाची वाट बघत आभाळाकडे डोळे लागलेले असतात, म्हणून 'पावसाळी दिवसासाठी पैसे साठव' हे शब्दशः भाषांतर कानाला विचित्र लागतं. 'अडीनडीला चार पैसे गाठीला ठेव' म्हणावं, झालं.

तरी कोकणातल्या माणसाला हा इंग्रजी पाऊस चटकन कळावा. मे महिन्यात तिथे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी चालते. सुकट, सोडे, आमसुलं, पापड, कडधान्यं डब्यांत जातात, सरपण पडवीत रचलं जातं, कारण एकदा झड लागली की बाजारही नाही आणि होडीही नाही. फरक एवढाच की आपला पाऊस मृगाला, ७ जूनच्या आसपास, जवळजवळ तारीख सांगून येतो. इंग्रजीतला रेनी डे न सांगता येतो. अमेरिकेत सरकारंही त्याची तरतूद करतात. टेक्सास राज्याने १९८८ मध्ये असा निधी उभारला. त्याचं कागदोपत्री नाव भारदस्त आहे, पण सगळे त्याला 'रेनी डे फंड'च म्हणतात. पैसा मुख्यतः तेल आणि वायूवरच्या करातून येतो.

घोळ होत असेल तर पाऊस कधी पडला ते बघा. रेन चेकमधला पाऊस पडून गेलेला असतो, बेत बुडालेला असतो, आणि आता दुसरं कुणी तुमचं देणं लागतं. रेनी डेमधला अजून पडायचा असतो, आणि जे काही करायचं ते तुमचं तुम्हालाच. म्हणून 'माझ्याकडे म्हातारपणासाठी रेन चेक आहे' म्हणणाऱ्याकडे बहुधा काहीच नसतं.

त्या इस्त्रीची चिठ्ठी बहिणीच्या फ्रिजवर चुंबकाखाली अडकून राहिली आणि मुदत उलटून गेली. शेवटी इस्त्री पूर्ण किमतीला आणली. पैसे काढले ते ओट्यावरच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यातून. त्यावर तिने कागदाची पट्टी चिकटवली आहे: 'अडीनडीला'.