कोडमधील कमेंट आणि मांडणी: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोडमध्ये कमेंट (म्हणजे यंत्राने सोडून द्यायच्या, केवळ माणसांसाठीच्या टिपा) लिहाव्यात का आणि त्याची मांडणी नीटनेटकी ठेवावी का, हे दोन प्रश्न बहुधा एकाच दमात विचारले जातात. त्यांचा इतिहास मात्र पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेला आहे.

आरंभी मांडणी हा आवडीनिवडीचा विषयच नव्हता. आयबीएमने १९५७ साली फोरट्रान भाषा आणली, तेव्हा प्रोग्राम ८० स्तंभांच्या पंचकार्डांवर (छिद्रे पाडलेल्या कार्डांवर) उतरवला जाई आणि प्रत्यक्ष विधान ७ ते ७२ या स्तंभांतच लिहावे लागे. पहिल्या स्तंभात ‘सी’ हे अक्षर असले की कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, ते कार्ड सोडून देई. म्हणजे यंत्राचा वेळ अतिशय महाग असतानाही, केवळ माणसाने वाचावे असे काही लिहिण्याची सोय भाषेने ठेवली होती. अल्गोल ६० या भाषेने स्तंभांचे बंधन काढून टाकले आणि ओळ किती आत सरकवायची हे प्रोग्रामरवर सोपवले. मतभेदांना खरी जागा मिळाली ती इथे.

१९७४ साली कर्निघन आणि प्लॉगर या संगणकतज्ज्ञांनी प्रोग्रामिंगच्या शैलीवर पुस्तक लिहिले. वाईट कोडला कमेंटची जोड देत बसू नये, तो नव्याने लिहावा, हा त्यातील सल्ला आजही दिला जातो. दहा वर्षांनी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी जवळजवळ उलट टोकाची भूमिका मांडली: प्रोग्राम हा माणसाला समजावून सांगणारा निबंध असावा आणि यंत्रासाठीचा कोड त्यातूनच काढून घ्यावा. आपली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली त्यांनी याच पद्धतीने लिहिली, पण हा मार्ग फार थोड्यांनी अवलंबिला.

१९९१ साली आलेल्या पायथनने ओळीचे आत सरकणे हा व्याकरणाचाच भाग केला. इतर बहुतेक भाषांत डोळ्यांना दिसणारी रचना आणि कंपायलरला कळणारी रचना वेगळी असू शकते, आणि त्याची किंमत २०१४ साली ॲपलच्या प्रणालींमध्ये दिसून आली. सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ (अपयशाच्या भागाकडे उडी घे) ही ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत असल्यामुळे ती वरच्या अटीखाली असल्यासारखी वाटे, परंतु अटीखालच्या ओळी एकत्र बांधणारे महिरपी कंस नसल्याने ती विनाअट चाले आणि सर्व्हरच्या सहीची तपासणी टळून जाई. २०१६ च्या जीसीसी ६ या कंपायलरमध्ये अशा फसव्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोय आली. केवळ सुंदर मांडणी पुरेशी नसते, ती खरीही असावी लागते, हे या प्रकरणातून स्पष्ट व्हावे.

दरम्यान, २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेसोबत गोफमट हे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारे साधन आले, तर पुढे प्रीटियर आणि ब्लॅक यांनी अन्य भाषांत तेच काम केले. ओळ आत सरकवण्यासाठी टॅब वापरावा की स्पेस, हा वाद बऱ्याच संघांत आता साधनच मिटवते. माझ्या मते ही सुटकाच आहे.

कमेंटच्या बाबतीत अशी सुटका झालेली नाही. कोड बदलतो, शेजारची कमेंट तशीच राहते आणि तिच्यात सांगितलेले कारण अजून खरे आहे का, हे कंपायलर तपासत नाही. युनिक्स या संगणक प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत, प्रक्रियांची (चालू प्रोग्रामांची) अदलाबदल करणाऱ्या कोडपाशी, ‘तुम्हाला हे समजावे अशी अपेक्षा नाही’ अशा अर्थाची एक कमेंट होती आणि ती उर्मट म्हणून गाजली. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी नंतर खुलासा केला की ‘हे परीक्षेला येणार नाही’ एवढाच तिचा सूर होता. खरी अडचण ही होती की तिथे काय घडते आहे ते लिहिणाऱ्यांनाही समजले नव्हते आणि ती यंत्रणा मुळातच सदोष होती.