वंगण, पारंपरिक दिशादर्शक उपकरणांचे

सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजणारे यंत्र), होकायंत्र, क्रोनोमीटर (जहाजावरचे अचूक घड्याळ) आणि जमिनीवर त्यांचा चुलतभाऊ शोभेल असा थिओडोलाइट (जमीन मोजणीचे कोनमापक) यांच्या कोणत्या भागाला कोणते तेल द्यावे आणि कुठे मुळीच देऊ नये, याविषयीचे व्यवहारज्ञान. मराठवाड्याला समुद्र नाही. तरी जायकवाडीचा २०८ किमीचा डावा कालवा आखला गेला तो काळ थिओडोलाइट आणि डंपी लेव्हल या उंचसखलपणा मोजणाऱ्या दुर्बिणीचाच होता, आणि त्यांचे बारीक आट्यांचे स्क्रू सेक्स्टंटच्या स्क्रूइतकेच नाजूक.

इथली नेहमीची चूक म्हणजे घाण्याचे तेल. करडई हे मराठवाड्याचे रब्बीचे जुने पीक. तेल घरात असते, म्हणून ते कुरकुरणाऱ्या बिजागरीपासून यंत्रापर्यंत सगळीकडे जाते. गाडीच्या आखाला ते चालून जाते, कारण तिथले वंगण झिजते, गळते आणि पुन्हा घातले जाते. यंत्रात मात्र केसाहून पातळ थर वर्षानुवर्षे तसाच राहतो. करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जाते. म्हणूनच हे तेल चित्रकारांच्या रंगांतही वापरतात. कढईच्या कानाशी जमलेला, नखानेही न निघणारा पिवळा चिकटा हाच. शंका असेल तर काचेच्या तुकड्यावर थेंब पसरून उन्हात ठेवावा, काही आठवड्यांत बोट चिकटू लागते. खोबरेल असे वाळत नाही, पण परभणीच्या थंडीत ते गोठते.

सेक्स्टंटवर या चिकट्याची किंमत मोजता येते. त्याच्या ड्रमचा, म्हणजे कोन बदलणाऱ्या स्क्रूवरच्या गोल मुठीचा, एक फेरा म्हणजे १ अंश. त्यातली १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, चुकली की समुद्रावरचे स्थान १ सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, सरकते. सेक्स्टंटच्या कमानीवरच्या दात्यांत चिकटा आणि काळ्या मातीची धूळ बसली की स्क्रू दात्यात पूर्ण बसत नाही. म्हणून शिलाई मशीनचे किंवा घड्याळाचे हलके खनिज तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढे, आणि उरलेले लगेच पुसून टाकायचे. मे महिन्यात तेल पातळ होऊन आरशाकडे पसरते, तेव्हा हात आणखी आखडता घ्यावा.

पूर्वी युरोप-अमेरिकेत घड्याळे व क्रोनोमीटरसाठी पॉर्पॉइज या सागरी प्राण्याच्या जबड्यातले तेल नावाजलेले होते, कारण ते लवकर चिकट होत नसे.

कोरड्या होकायंत्राच्या सुईची टोकदार खुंटी कोरडीच ठेवतात. तेल लावले तर धूळ धरते आणि सुई अडखळते. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनने तर तेलाचा प्रश्नच काढून टाकला होता: १७३५ च्या त्याच्या पहिल्या सागरी घड्याळात अंगचाच तेलकटपणा असलेले लिग्नम व्हायटी लाकूड वापरले होते.

जुना थर काढताना रॉकेलात बुडवलेला मऊ ब्रश पुरतो. खरवडायचे झालेच तर आगकाडीच्या लाकडी टोकाने. चाकूने पितळेवरच्या रेघा जातात. रॉकेल आरशाच्या पाठीमागच्या चांदीला लागू देऊ नये.